मोडीच्या भावात: आईबरोबर खान्देशातले पाच दिवस

1986 साली आमच्या घरातली दोन घंगाळं, तांब्याचा बंब, परात आणि आजीचा पानाचा डबा आईने मोडीत घातला आणि त्या बदल्यात स्टीलच्या डब्यांचा सेट आणला. डबे आजही आहेत, त्यात डाळी आहेत. मी मात्र गेली दहा वर्षं पुण्यातल्या 'अँटिक'च्या दुकानांत तसलाच पानाचा डबा बघते, किंमत विचारते आणि गुपचूप बाहेर पडते. शेवटी ठरवलं की जिथून ही भांडी गेली तिथेच जाऊन शोधावं. आईचं माहेर अमळनेर तालुक्यातलं, तेव्हा खान्देश. दत्तजयंतीचा आठवडा, थंडी चांगली पडलेली. आई म्हणाली, "जुनं पितळ विकत आणायला कोणी प्रवास करतं का? पण चल, भरीत तरी खाऊ."

पहिला दिवस: चाळीसगाव

रात्रीच्या गाडीने चाळीसगावला पहाटे उतरलो. चहा प्यायलो, उजाडेपर्यंत फलाटावरच बसलो. खरेदीचा श्रीगणेशा मला इथून करायचा होता, कारण इथे विकत काहीच मिळत नाही. स्टेशनजवळच केकी मूस यांचा बंगला आहे. छायाचित्रकार, चित्रकार, शिल्पकार आणि हाडाचा संग्राहक असा हा पारशी माणूस. जन्म 1912चा, मृत्यू 1989 साली. इंग्लंडला जाऊन शिकून आले आणि मग याच गावात, याच घरात राहिले. पुढची कित्येक दशकं ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यांनी असे फोटो काढले की बघणाऱ्याला आख्खं गाव, बर्फ, डोंगर दिसावेत. जागेवरून न हलता जग फिरण्याची ही युक्ती!

मुंबईत राहिलेली मैत्रीण एक दिवस पंजाब मेलने येईल म्हणून ते रोज रात्री त्या गाडीची वाट बघत, असं इथे सगळेच सांगतात. पंजाब मेलही 1912 सालीच सुरू झाली, म्हणजे दोघांचं वय एकच. आईला ही गोष्ट अजिबात आवडली नाही. "पन्नास वर्षं वाट बघायची? पत्र टाकायचं की सरळ."

आत जुन्या वस्तू भरपूर आहेत, पण माझं लक्ष अडकलं ते त्या ठेवण्याच्या रीतीत. एकेक वस्तू जणू घरातल्या माणसासारखी बसवलेली. वस्तू जमवणं आणि वस्तू साठवणं यातला फरक मला इथे दिसला. माझं स्वतःचं कपाट आठवलं आणि जरा ओशाळलेच.

दुपारच्या गाडीने धुळे.

दुसरा दिवस: धुळे

धुळ्याच्या जुन्या पेठेतले रस्ते सरळ आहेत, फूटपट्टीने आखावेत तसे. 1818 नंतर खान्देशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला आणि त्याने हे नवं धुळं वसवलं. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. "चार नंबरला जा, तिथून पाचला वळा" असा पत्ता सांगतात आणि गंमत म्हणजे माणूस चुकत नाही.

सकाळी राजवाडे संशोधन मंडळात गेलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926च्या डिसेंबरात धुळ्यातच वारले. त्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या पुड्यांतून जे कागद वाचवले, त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड उभे राहिले. आता हे वाचून कोणाला वाटेल की मी विषय सोडला, पण नाही. कारण त्याच दुपारी मला एका दुकानात मोडी लिपीतले कागद काचेच्या फ्रेममध्ये बसवून विकायला ठेवलेले दिसले. एकेक पान वेगळं, एकेक फ्रेम वेगळी. एका पत्राची चार पानं चार दिवाणखान्यांत जाणार. मोडी कागद मोडीत निघालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

ते दुकान म्हणजे खरं तर भांड्यांच्या मोडीचं. पुढे तराजू, मागे अंधारी खोली, त्यात पितळेचा ढीग. हंडे, कळश्या, तपेल्या, गडू, चंबू, समईचे नुसतेच पाय, झाकणाविना डबे, डब्याविना झाकणं. रोज सकाळी फेरीवाले गावागावांतून आणून टाकतात, आठवड्याने ट्रक येतो आणि सगळं भट्टीत जातं. मालकाचे वडील नुसती मोड घेत. मुलाने मात्र बऱ्यापैकी वस्तू बाजूला काढून एक फळी मांडली आहे. फळीवर जे चढलं त्याचा भाव वेगळा.

मी त्याच्याकडून दोन तास शिकले. शिकवायला तो खुशीत होता, गिऱ्हाईक दुसरं कोणी नव्हतं. पहिली गोष्ट, उलटं करून बघायचं. जुनी कळशी तांबटाने पत्रा ठोकून घडवलेली असते, तिच्या पोटात आतून सांधा दिसतो, करवतीच्या दातांसारखा एकमेकांत अडकलेला. बाहेरून ठोक्यांचे चट्टे, कधीच अगदी सारखे नाहीत. दुसरी, झीज कुठे आहे ते बघायचं. तांब्या खरंच वापरातला असेल तर काठ एका बाजूला पातळ होतो, बूड मध्यभागी नाही तर कडेला घासतं. खोटं जुनं करणारे ॲसिड लावतात, मग हिरवा रंग सगळीकडे सारखा चढतो, खाचेतही आणि उघड्यावरही. खरी हिरवट पुटं खाचेत असतात, जिथे हात लागतो तिथे नाही. तिसरी, वाजवून बघायचं. काशाची वाटी बोटाने वाजवली तर नाद रेंगाळतो, पितळ 'टक्' म्हणून गप्प बसतं. काशात तांब्याबरोबर कथील, पितळेत जस्त. काशाला भाव जास्त, म्हणून पिवळं दिसणारं सगळंच काही लोक कासं म्हणून खपवतात.

मग त्याने आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. वीतभर उंचीची धातूची मूर्ती, नाक झिजलेलं, पाठीमागे शेंदराचा जुना थर. "ताई, ही फक्त तुम्हाला दाखवतो." मी हातही लावला नाही. देवळातून किंवा देवघरातून आलेली वस्तू कुठून आली हे सांगता येत नसेल तर ती घ्यायची नाही, हा माझा नियम. शिवाय 1972च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी मूर्ती बाळगायची तर नोंदणी लागते, व्यापार करायचा तर परवाना लागतो आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. हस्तलिखितांना शंभर नाही, 75 वर्षं पुरतात. मी हे सांगितल्यावर त्याने मूर्ती परत गुंडाळली आणि "अहो, शंभर वर्षांची कुठे, माझ्या काकाच्या लग्नातली आहे" म्हणाला. दोन मिनिटांपूर्वी ती यादवकालीन होती.

आणि मग तो डबा दिसला. फळीवर नव्हता, खाली ढिगात होता. लांबट चौकोनी, वर बिजागरीचं झाकण, आत उचलून काढायचा पाच कप्प्यांचा ट्रे आणि खाली अडकित्ता ठेवायला जागा. एका कप्प्यात चुन्याचा पांढरा थर दगडासारखा वाळलेला. बिजागरीची मूळ खीळ गेलेली, तिथे कोणीतरी सायकलचा आरा वाकवून घातलेला. मी डबा उचलला आणि तिथेच चूक केली, कारण माझा चेहरा त्याने पाहिला.

"साडेसहा हजार."

"ढिगात होता की!"

"आता फळीवर गेला."

इथे आई पुढे झाली. तोवर ती स्टुलावर बसून शेंगा खात होती. तिने पदराने हात पुसला आणि पुण्यात चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकलेली अहिराणी काढली. "भाऊ, हाऊ डबा खरं सांग, कितलाले देशी?"

तो चमकला. "माय, तुम्ही आठलाच शेतस का?"

"मंग? आमना घरमा असा चार डबा व्हतात."

चार नव्हते, एक होता. पण बोलणं आता भावाबहिणीचं सुरू झालं होतं, त्यात मी कशाला पडू? कोणतं गाव, कोणाची मुलगी, पाऊसपाणी, कापसाचा भाव. मग आईने डबा तराजूत टाकायला लावला. एक किलो सहाशे ग्रॅम. पितळेची मोड तो साडेचारशेने घेत होता, म्हणजे त्याला डबा सातशेवीसला पडलेला. आई म्हणाली, हजार घे.

त्यावर तो जे बोलला ते मला पटलं, आईला नाही. "माय, ह्या आठवड्यात तीनशे किलो माल भट्टीत गेला. हाऊ डबा गेला नाही, कारण मी उचलून बाजूला ठेवला. त्या उचलण्याचे पैसे नको का?"

ढिगातच होता हे खरं, पण त्याचा मुद्दा खोटा नव्हता. आमच्या गल्लीत 1986 साली असा उचलणारा कोणी असता तर आज मी इथे आलेच नसते. बावीसशेला सौदा झाला. आई बाहेर येऊन म्हणाली, "आपणच दोनशेला दिला असेल तेव्हा." मी काही बोलले नाही.

दुकानदाराने निघताना बजावलं होतं: घासू नका, हा काळा थर म्हणजेच वय, चकचकीत केला की किंमत निम्मी. रात्री शेवभाजी खाऊन लॉजवर आलो. मी अंघोळीला गेले. बाहेर येते तो काय, आई मोरीच्या बाजूला उकिडवी बसून चिंच-मीठ लावून डबा घासतेय. चिंच तिने खानावळीतून मागून आणली होती.

"आई! तो थर..."

"थर कसला? मळ आहे मळ. कोणाची तरी थुंकी असेल त्यात."

पण त्या घासण्याने झाकणाच्या आतल्या बाजूला अक्षरं वर आली. भांड्यावर नाव घालणारे छिन्नीने टिंबं टिंबं पाडतात तशी. सुरुवातीची दोन-तीन अक्षरं झिजून गेलेली, मग '…बाई', आणि खालच्या ओळीत 'पारोळें', 'ळ'वर जुन्या पद्धतीचा अनुस्वार. साल नाही, आडनाव नाही. आईने चिंच बाजूला ठेवली, मग साध्या पाण्याने हलक्या हाताने डबा धुतला आणि पदराने पुसून उशाशी ठेवला.

तिसरा दिवस: सारंगखेडा

दोंडाईचामार्गे सारंगखेडा. तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ, दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. मला घोड्यातलं कळत नाही, त्यामुळे जुनं खोगीर मिळेल या आशेने फिरले. जे मिळत होतं ते सगळं नवं, जुनं दिसावं म्हणून तेल पाजलेलं. बैलांच्या घागरमाळा मात्र सुरेख होत्या. आमच्याकडे बैल नाही. जिलेबी खाल्ली, परत फिरलो. घोडे देखणे होते, एवढं सांगून पुढे जाते.

चौथा दिवस: पारोळा, अमळनेर

पारोळ्याला थांबायचं ठरलंच नव्हतं. आईने बसमधून उतरायला लावलं.

पारोळ्याचा किल्ला भुईकोट, गावाच्या ऐन मध्यात, 1727 साली हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला. भोवती खंदक, तटाला लागून भाजीबाजार. झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकर घराण्याचा या गावाशी जुना संबंध. मला बुरूज बघायचे होते, आईला बाई शोधायची होती. शेंगा विकणाऱ्या एका म्हातारीसमोर तिने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून अक्षरं दाखवली आणि विचारलं, ही कोण असेल.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. आईने वाचून दाखवलं: "…बाई, पारोळें."

"बाई?" म्हातारी हसली. "आठे बठ्या बायाच शेतस, माय." म्हणजे, इथे सगळ्या बायाच आहेत.

तरी डबा हातोहात फिरला. एकजण म्हणाला, सोनाराच्या घरातला असेल. दुसरा म्हणाला, नाही, असले डबे लग्नात रुखवतात देत. तिसऱ्याने विचारलं, केवढ्याला घेतला, आणि ऐकून मान हलवली. पाव किलो शेंगा घेऊन आम्ही अमळनेरच्या गाडीत बसलो.

अमळनेर आईचं. बोरी नदी, सखाराम महाराजांचं मंदिर, साने गुरुजी शिकवत ती प्रताप शाळा. श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 साली इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तालुक्याच्या गावात, नुसत्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी! आणि 1945 साली इथेच वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तीच पुढे विप्रो. आई हे सगळं इतक्या वेळा सांगते की मी आता पुढचं वाक्य आधीच म्हणते.

गावाबाहेर जुन्या लाकडाची वखार आहे. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड इथे येतं. खान्देशातली जुनी घरं धाब्याची, सातपुड्याच्या सागवानावर उभी. वखारीत तुळया, कडीपाट, सुरूचे खांब, तुळईखालचे कोरीव टोडे, गणेशपट्टीसकट चौकटी रचून ठेवलेल्या. खांबांखालचे दगडी तळखडे एका कोपऱ्यात, त्यांना फारसं कोणी विचारत नाही, कारण वजन. साधं लाकूड घनफुटावर, कोरीव नगावर. गिऱ्हाईक बहुतेक शहरातली हॉटेलं आणि फार्महाऊस. एक खांब चौघांनी उचलावा असा, तो कुठल्याशा रेस्टॉरंटच्या काउंटरला जाणार होता.

इथे फसवणुकीची तऱ्हा वेगळी. लाकूड खरंच जुनं असतं, कोरीवकाम नवं. साध्या तुळईवर परवा वेलबुट्टी काढतात. ओळखायचं कसं ते वखारीतल्या सुताराने दाखवलं, मालक जेवायला गेलेला असताना. नखाने खाचेत खरवडायचं. जुन्या नक्षीच्या खाचेत वर्षानुवर्षांची काजळी आणि तेल बसून घट्ट झालेलं असतं, नखाला मेणासारखं लागतं. नव्या खाचेत नुसतं पॉलिश, खाली लाकूड फिकट. त्याने दाखवलेल्या पाच टोड्यांपैकी दोन नवे निघाले. मी सुदैवाने तिसऱ्याच्या प्रेमात होते, आणि तो जुना होता. पोपट, त्याच्या चोचीत आंब्याची डहाळी, एका डोळ्यात अजून चुन्याचा ठिपका. पण एकटा टोडा घेऊन काय करू? टोडा तुळईला आधार द्यायचा, माझ्या फ्लॅटच्या भिंतीवर तो हवेला आधार देणार. नाही घेतला. अजून थोडं चुकचुकतं.

संध्याकाळी आईच्या लांबच्या नात्यातल्या एका घरी गेलो. दारालाच पितळी फुल्यांचा जुना दरवाजा, साखळीची जागा घासून तिथे लाकडाला खळगा पडलेला. मी नुसतं हात फिरवून बघत होते, तर आतून आबा म्हणाले, "बेटा, हाऊ इकाना नही शे." आधीही बरेच येऊन गेले असावेत. मग त्यांनी भरीत, कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात वाढली. वांगी हिरवी, मोठी, तुरीच्या काड्यांवर भाजलेली, बडजीत ठेचलेली. ती लाकडी बडजी चांगली साठ वर्षांची तरी होती. तिला अँटिक म्हणायची माझी हिंमत झाली नाही, कारण तिच्यात उरलेलं भरीत मी बोटाने पुसून खात होते.

पाचवा दिवस: जळगाव

जळगावचा सराफ बाजार सोन्यासाठी नावाजलेला. मी गेले चांदीसाठी. जुने गोठ, वाळे, तोडे बघायला मिळतील असं वाटलं होतं. एका म्हाताऱ्या सराफांनी सरळ सांगितलं, "येतात ना, रोज येतात. वजन करतो, पैसे देतो, आटवतो. घडणावळ कोणी मोजत नाही." आठवड्यापूर्वी आलेला बोटभर जाडीचा तोड्यांचा जोड आता लगड झालेला होता, ती त्यांनी दाखवली. बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

मग राणीछाप रुपये निघाले. यात मात्र ते रंगले. 1862चा असेल तर राणीच्या डोक्याभोवती 'क्वीन' असतं, 1877 पासून 'एम्प्रेस'. पंचम जॉर्जचा 1911चा रुपया वेगळाच, त्याच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, आणि 1912 साली सोंड नीट करून नवा काढावा लागला. माझ्याकडे धुळ्याच्या त्या दुकानातून घेतलेला एक 'एम्प्रेस' होता, आठशेला. त्यांनी तो छोट्या काट्यावर ठेवला. दहा ग्रॅम चार पॉइंट.

"खरा रुपया म्हणजे एक तोळा," ते म्हणाले. "11.66 ग्रॅम. रुपया हेच माप होतं. वजनं नसली की आमचे आजोबा रुपये टाकून तोलत. झिजला तर थोडा उतरेल, एवढा नाही." मग कडेवरून नख फिरवायला लावलं. खऱ्याच्या कडेचे दाते नखाला टोचतात, माझ्याचे गुळगुळीत, जिभेवर विरघळलेल्या गोळीसारखे. ओतीव. साच्यात घालून काढलेला.

तीन दिवसांपूर्वी ज्याने मला खऱ्या-खोट्याचे धडे दिले त्याच्याचकडचा! आई खूप वेळ हसत होती. "नाण्याचं त्याने शिकवलं होतं का? नाही ना? मग."

रात्री जळगाव स्टेशन. गाडीत बसल्यावर आईने डबा बाहेर काढला. मला वाटलं, अक्षरं परत बघतेय. तर तिने औषधांच्या पट्ट्या काढल्या आणि एकेक गोळी कापून कप्प्यांत टाकायला लागली. बीपीची पहिल्या कप्प्यात, साखरेची दुसऱ्यात, गुडघ्याची तिसऱ्यात. चुन्याचा कप्पा तिने रिकामा ठेवला, तिथला पांढरा थर चिंचेनेही निघाला नव्हता. अडकित्त्याच्या जागी चष्मा बसतो का बघितलं. बसला. झाकण लावून डबा उशाखाली सारला आणि म्हणाली, "दिवा घालव."